चाकणला परदेशी मोटारी आल्या, त्याआधीचं सगळं

३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन झालं. गुंतवणूक सुमारे ३,८०० कोटी रुपयांची, क्षमता वर्षाला १ लाख १० हजार गाड्यांची आणि मालकी पूर्णपणे जर्मन. यातली तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. कारण अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी मर्सिडीज पुण्यात आली होती, ती टाटांचं बोट धरून.

परदेशी कंपनीने भारतात कुठे यायचं हे बाजार आणि सुटे भाग पुरवणारे ठरवत आले. कोणत्या रूपात यायचं, हे मात्र दिल्लीने ठरवलं. परकीय चलनावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९७३च्या फेरा कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपनीतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला. कोका-कोला आणि आयबीएमने त्यापेक्षा गाशा गुंडाळणं पसंत केलं. १९८२मध्ये सुझुकीने करार केला, तोही सरकारी मारुतीत २६ टक्क्यांची भागीदार म्हणून. पुढे १९९१चं नवं औद्योगिक धोरण आलं, १९९३मध्ये मोटारी बनवण्यासाठीची परवान्याची सक्ती रद्द झाली आणि दार किलकिलं झालं.

१९९४मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सबरोबर, कंपनी काढली आणि १९९५मध्ये टेल्कोच्याच पुण्यातल्या आवारात ई-क्लास जोडायला घेतली. ही सोयरीक जुनी होती. १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टेल्कोने जमशेदपूरला मर्सिडीजचेच ट्रक बनवले होते. मोटारीच्या बाबतीत मात्र जर्मनांचा अंदाज चुकला. युरोपात जिची जागा नवं मॉडेल घेत होतं, तीच जुनी ई-क्लास त्यांनी इथे आणली. भारतातला श्रीमंत गिऱ्हाईक जगात काय चाललंय ते पाहत असतो, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. यथावकाश टाटा या भागीदारीतून बाहेर पडले आणि २००९मध्ये मर्सिडीजही चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली.

पण पुणेच का? मुंबईचं बंदर जवळ, हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीत बजाज, मुंढव्यात भारत फोर्ज असे कारखाने उभे राहिले आणि १९६६मध्ये वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यातच निघाली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी तर पुण्यात वाहनांच्या आधी यंत्रं घडवणाऱ्या आणि कारागीर शिकवणाऱ्या विभागांवर भर दिला. असल्या कामाचा नफा ताळेबंदात लवकर दिसत नाही. पण तिथे शिकलेल्या अनेकांनी पुढे भोसरीत शेड घेऊन चार मशीनवर आपलं वर्कशॉप थाटलं. डाय (साचे), जिग (भाग पकडून ठेवणारी साधनं), फोर्जिंग (धातू ठोकून घडवणं), प्रेसचं काम करून देणारी माणसं तासाभराच्या अंतरावर असणं, याची किंमत कुठल्याही करसवलतीहून जास्त. गुंतवणुकीच्या बातम्यांत हे सहसा येत नाही; तिथे मंत्र्यांच्या फोटोला जागा लागते.

मधल्या काळात नियमांची ओढाताण चालूच होती. १९९७च्या मोटार धोरणात अट होती की तिसऱ्या वर्षी ५० आणि पाचव्या वर्षी ७० टक्के सुटे भाग भारतातलेच हवेत, शिवाय आयातीवर खर्च होणाऱ्या परकीय चलनाइतकी निर्यातही करून दाखवायची. युरोप-अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००१मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. अटी गेल्या. २००२च्या धोरणाने मोटार उद्योगात १०० टक्के परदेशी मालकीला आपोआप मंजुरी दिली. त्यानंतर भागीदार शोधण्याची सक्ती उरली नाही. फोक्सवॅगन समूहातली स्कोडा औरंगाबादजवळ शेंद्र्याला आधीच आलेली होती. फोक्सवॅगनने २००६मध्ये महाराष्ट्र सरकारशी करार केला.

चाकण तोवर ओळखलं जायचं ते फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६०मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध लढवलेल्या संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी. बजाजचा कारखाना १९९९मध्ये तिथे आला होता. जमिनी गेल्या, काहींनी बंगले बांधले, काही कंत्राटदार झाले, काहींच्या हाती फारसं काही उरलं नाही. खेड तालुक्यात विमानतळाचीही योजना होती. विरोध झाला आणि शेवटी तो प्रकल्प पुरंदरकडे वळवला गेला. पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी मात्र चाकणकरांच्या वाट्याला कायमची आली.

मालकीचे नियम संपले असं वाटत असतानाच ते पुन्हा पुढे आले. शेजारच्या तळेगावात जनरल मोटर्सने २००८मध्ये सुरू केलेला कारखाना २०२०च्या अखेरीस थांबला. तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं त्या वर्षी जानेवारीतच ठरलं होतं. पण एप्रिलमध्ये केंद्राने भारताला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. ती मंजुरी मिळाली नाही, २०२२मध्ये व्यवहार बारगळला. काम गेलेल्या कामगारांची न्यायालयीन लढाई सुरू असतानाच २०२३मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला.