व्यायामवाङ्मय, बडोद्याचे
आखाड्यात व मैदानावर वाढलेल्या माणसांनी आणि त्यांच्या संस्थांनी खेळाविषयी केलेले मराठी लेखन. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (१९२४) २०० मीटर धाव जिंकणारा अमेरिकन धावपटू जॅक्सन शोल्झ पुढे क्रीडाकथांचा लेखक झाला. बडोद्यात खेळाडूची लेखणी वळली ती मुख्यतः नियम आणि कृतिवर्णनाकडे. तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांचा आश्रय हे त्याचे एक कारण. बडोद्यातील आखाड्याचे गुरू जुम्मादादा यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव (१८७८–१९५४) हे या परंपरेतील ठळक नाव.

खो-खोच्या नियमांचा मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधले, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. पहिली छापील नियमावली मात्र बडोदे जिमखान्याची, १९२४ ची मानली जाते. नियम ठरणे आणि ते छापून गावोगाव पोहोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. तो भेद धरला तर दोन्ही दावे एकत्र नांदतात, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. हुतूतूच्या नियमांबाबतही १९२३ च्या सुमारास बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा उल्लेख येतो.

छापील शब्दाची गरज खेळातच होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्याच्या मागून जाऊन त्याच्या पाठीला हात लावायचा आणि 'खो' मोठ्याने, स्पष्ट उच्चारायचा. तो मिळण्याआधी गडी चौकोनातून हलला तर चूक. उठलेल्याने एक दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय उलट फिरता येत नाही, आणि मधली पाटी त्याला ओलांडता येत नाही. त्याने दिशा धरली केव्हा, हे खांद्याच्या वळणावरून ठरते. खांदा किती वळला यावरून भांडणे होणारच. ती मिटवायला दोन्ही संघांना मान्य असा एकच मजकूर हवा. असा मजकूर मैदानावर धापा टाकलेल्यालाच नेमका लिहिता येतो.

या लेखनातील सर्वांत मोठे काम म्हणजे द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायामज्ञानकोश (दहा खंड, १९३६–४९). त्याच संपादकाचा इंग्रजी कोश १९५० मध्ये निघाला. देशी खेळांवर लिहिणाऱ्याला आजही प्रथम हेच खंड उघडावे लागतात.