पहिला पट दहा घरांचा

भाची तीन वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी तिला सापशिडी आणली. पहिल्याच डावात तिची सोंगटी दहावर पोचली आणि अडली. अकरा वरच्या ओळीत, आणि तिथून जायचं उलट्या दिशेनं! तिनं सोंगटी सरळ पुढं नेली, पटाबाहेर, सतरंजीवर. तिचं काय चुकलं? शंभर घरांचा नागमोडी पट त्या वयाला झेपत नाही.

मग खडूनं फरशीवर दहा घरं आखली. एका ओळीत, डावीकडून उजवीकडे, आत १ ते १० आकडे. फाशावर दानं दोनच, एक किंवा दोन.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना असाच पट खेळायला दिला. पंधरा-वीस मिनिटांच्या फक्त चार बैठका, दोन आठवड्यांत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मुलं मोठा आकडा कोणता, शून्य ते दहाच्या रेषेवर सात कुठं येईल, हे आधीपेक्षा बरंच नीट सांगू लागली. नऊ आठवड्यांनीही ते टिकून होतं. त्याच पटावर आकड्यांच्या जागी रंग घेऊन खेळलेल्या मुलांत असा फरक पडला नाही. पुढं गोल पटही करून पाहिला, त्याला सरळ पटाची सर आली नाही. सरळ पटावर आठ म्हणजे तीनपेक्षा जास्त उड्या, जास्त अंतर, जास्त वेळ. आकड्याचा मोठेपणा हाताला कळतो.

खरी मेख मोजण्यात आहे. सोंगटी तीनवर, दान दोनचं. आपण सवयीनं ‘एक, दोन’ म्हणत सरकतो. म्हणायचं ‘चार, पाच’. २०१४ साली एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांच्या पटावर हे तपासलं, तेव्हा पुढचे आकडे म्हणणारी मुलं जास्त शिकली. आमची भाची मात्र आधी उभ्या घरावरच टिचकी मारून ‘एक’ म्हणायची. त्यामुळं दान एकचं पडलं की सोंगटी जागची हलायची नाही, आणि तिला त्याचं काहीच वाटायचं नाही.

दोन वर्षांच्या मुलाशी आकड्यांचा खेळ मांडूच नये. ते दहापर्यंत घडाघडा म्हणेल. पण ‘तीन चमचे दे’ म्हटलं की मूठभर देईल. त्याला रंग पुरतात. अमेरिकेतला १९४९ सालचा ‘कँडी लँड’ केवळ रंगांवर चालतो, म्हणून तिथं तो कित्येकांचा पहिला पट असतो.

आपल्या ल्युडोच्या सोंगट्या मात्र या वयात कपाटातच बऱ्या. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या आखूड नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांची तपासणी करणारे धरून चालतात. आम्ही सोंगट्या म्हणून वाट्या वापरल्या.

राहिला हरण्याचा प्रश्न. मोठ्यांच्या डावात ती अजून कच्चा लिंबू आहे. सगळ्यांचा फासा तीच टाकते.