‘नियमात आहे’ म्हणजे नेमकं कशात? अग्निसुरक्षेची संहिता आणि अग्निसुरक्षेचा कायदा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत जिन्याखालच्या सायकलींवरून वाद पेटला आणि अर्ध्या तासात ‘एनबीसी’ या बांधकामाच्या संहितेपर्यंत गेला. सेक्रेटरी म्हणाले, “एनबीसीत लिहिलंय, जिना मोकळाच पाहिजे.” तिसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा पुसत म्हणाले, “एनबीसी हा कायदा नाही. कायदा दाखवा.” सेक्रेटरी गप्प बसले. काकांचं म्हणणं बरोबर होतं आणि सायकलीही हलवायलाच हव्या होत्या.

हा घोळ आमच्या सोसायटीपुरता नाही. मोठी आग लागली की बातम्यांत ‘अग्निसुरक्षेचे नियम धाब्यावर’ असा मथळा येतो, पुढारी ‘कडक कायदा करा’ म्हणतात आणि कार्यकर्ते निवेदनं घेऊन निघतात. त्या ‘नियम’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक राष्ट्रीय बांधकाम संहिता, म्हणजेच एनबीसी. दुसरा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006.

संहिता काढते भारतीय मानक ब्युरो. हॉलमार्क आणि आयएसआयचा शिक्का देणारी तीच संस्था. पहिली आवृत्ती 1970 ची, मग 1983, 2005 आणि 2016. तिचा चौथा भाग आगीबद्दल आहे. हा भाग वाचायला रुक्ष वाटतो, पण नीट पाहिलं तर त्यात माणसाच्या हालचालीचा फार बारकाईने विचार केलेला दिसतो. इमारतींचे वापरानुसार नऊ गट पाडलेत, ‘ए’पासून ‘जे’पर्यंत, मधला ‘आय’ वगळून. राहती घरं ‘ए’, शाळा ‘बी’, रुग्णालयं ‘सी’, नाट्यगृहं आणि मंगल कार्यालयं ‘डी’. 2005 च्या आवृत्तीत राहत्या घराचा जिना किमान 1 मीटर रुंद सांगितलाय आणि रुग्णालयाचा 2 मीटर. घरातली माणसं एकामागोमाग एक उतरतात. रुग्णालयात स्ट्रेचर वळवावा लागतो, त्याच्या बाजूने सलाइनची बाटली धरलेली नर्स चालते आणि समोरून अग्निशमन दलाचा जवान वर चढत असतो. आकड्यांतला फरक असा समजून घेता येतो. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे ‘उंच इमारत’. उंची वाढेल तसा आश्रयाचा मजला, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, आपला रेफ्युज एरिया, लागू होतो. त्यात पुढे कुंड्या आणि मोडके पलंग ठेवले जातात, तो भाग संहितेच्या हातात नाही.

कारण संहिता सांगते, सक्ती करत नाही. एखाद्या जाणत्या काकूने ‘असं करावं गं’ म्हणावं, तशी. न ऐकणाऱ्याला दंड नाही, तुरुंग नाही, नोटीस नाही. आणि तिला तसं करता येणारही नाही. अग्निशमन हा राज्यांचा विषय, आणि 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत त्याला पालिकांच्या कामांच्या यादीत बसवलंय. दिल्लीत बसलेली मानकांची संस्था चिपळूणच्या बिल्डरला खटल्यात उभं करू शकत नाही.

ते काम अधिनियमाचं. महाराष्ट्रातला हा कायदा 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला. मीटर-सेंटिमीटरचा बराचसा भार त्याने संहितेवर आणि सोबतच्या अनुसूचीवर टाकला, आणि स्वतः दुसरं काम हाती घेतलं: जबाबदार कोण, तपासणार कोण, न ऐकल्यास काय. जबाबदार मालक किंवा भोगवटादार. बिल्डर पैसे घेऊन गेला, आता सोसायटी राहते, तर सोसायटी. यंत्रणा बसवून भागत नाही, ती कायम चालू स्थितीत ठेवायची. दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा दाखला द्यायचा. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. अग्निशमन अधिकारी आत येऊन पाहणी करू शकतो, नोटीस काढू शकतो आणि धोका डोक्यावर आला असेल तर इमारत रिकामी करायला किंवा वीज-पाणी तोडायला लावू शकतो. पुढे खटला आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

म्हणजे काकांना उत्तर असं द्यायला हवं होतं: जिन्याची रुंदी संहितेतून आली, पण तो जिना अडवलात तर उत्तर अधिनियमाखाली द्यावं लागेल. हे मला सभा संपल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

या दोघांच्या मधे आणखी एक थर आहे आणि खरी गंमत तिथे होते. आर्किटेक्ट ज्याला अजूनही सवयीने ‘डीसीआर’ म्हणतात, ती विकास नियंत्रण नियमावली. मुंबईची वेगळी, आणि बहुतेक उरलेल्या महाराष्ट्राची 2020 ची एकत्रित नियमावली वेगळी. संहितेतलं काय घ्यायचं, काय सौम्य करायचं, कुठे ‘आयुक्तांच्या विवेकाधिकारात’ म्हणून दार किलकिलं ठेवायचं, हे तिथे ठरतं. फेरबदल करायचा झाला की वर्तमानपत्रात बारीक टाइपात ‘हरकती व सूचना’ मागवणारी जाहिरात येते. ती बिल्डरांच्या संघटना नेमाने वाचतात. आपण त्या पानावर भजी ठेवतो.

दोन्हींतला फरक सगळ्यात जास्त झोंबतो तो जुन्या इमारतींत. संहिता मुख्यतः नव्या बांधकामाच्या नकाशाशी बोलते. आधीच उभ्या असलेल्या, शंभर वायरी लोंबणाऱ्या इमारतीला ती 2 मीटरचा जिना कुठून देणार? अधिनियम मात्र आधीच वापरात असलेल्या इमारतीलाही धरतो. कागदावर तरी. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, 10 बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान 11 रुग्ण दगावले. ऑडिट म्हणजे आपली इमारत संहितेपासून किती लांब आहे याचं मोजमाप. ते मोजून झाल्यावर पाइप, स्प्रिंकलर आणि नवी वायरिंग यासाठी निधी मागावा लागतो, फाइल हलवावी लागते. सरकारी रुग्णालयाचा मालक सरकारच, म्हणजे नोटीस देणारा आणि घेणारा एकाच जेवणाच्या पंगतीतले.

खासगीत वेगळी तऱ्हा. मागे एका सोसायटीचा फॉर्म बी अगदी वेळेवर आला होता, सही-शिक्क्यासकट. काही दिवसांनी कुतूहल म्हणून कुणीतरी पाचव्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडून पाहिला. आधी हवा सुटली, मग गंजाचं दोन पेले तांबूस पाणी आलं आणि थांबलं. पंप महिनोन्‌महिने बंद होता. संहितेप्रमाणे पाइप योग्य व्यासाचा होता. कायद्याप्रमाणे दाखला फाइलमध्ये होता.

आता मुद्दा निवेदनांचा. बदल हवा असेल तर दार कुठलं ठोठावायचं? मागणी तांत्रिक असेल, म्हणजे जिना, दरवाजा, धूर बाहेर काढायची व्यवस्था, तर ती मानक ब्युरोच्या समितीकडे जायला हवी. मानकांचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले केले जातात आणि तिथे एक नेमकं पत्र मोर्चापेक्षा वजनदार ठरतं. मागणी अंमलबजावणीची असेल, म्हणजे शिक्षा, तपासणीची पद्धत, एजन्सीच्या खोट्या सहीवर कारवाई, तर विधिमंडळ. स्थानिक आमदाराला ‘काहीतरी करा’ म्हणण्यापेक्षा कलमाच्या भाषेत लिहून दिलं तर ते तारांकित प्रश्नात किंवा लक्षवेधीत जाऊ शकतं. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं, क्वचितच मंजूर होतं, पण मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला भाग पाडतं, आणि ते उत्तर छापलं जातं. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या 13 जून 1997 च्या आगीत 59 माणसं गेली. त्यांच्या नातेवाइकांनी संघटना उभारली. ते एका खटल्यावर थांबले नाहीत, अशा मानवनिर्मित दुर्घटनांसाठी वेगळा कायदा हवा ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. दार कुठलं, हे त्यांना कळलेलं होतं.

मागणी जवानांची असेल तर मात्र पंचाईत होते, आणि मला वाटतं हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे. संहिता इमारतीची. आपल्या अधिनियमाचं नाव पाहा: ‘उपाययोजना’. त्याचाही भर इमारतीवर. आगीची वर्दी आली की धावणाऱ्या माणसाची पाळी, विमा, श्वसन यंत्र, निवृत्तीनंतर फुफ्फुसांची तपासणी यांचा निकाल मुंबईत महापालिकेच्या सेवा नियमांत लागतो आणि लहान गावात नगरपरिषदेच्या तिजोरीत. शेजारच्या गोव्यात अग्निशमन दल राज्याचं आहे आणि तिथला 1986 चा कायदा नावातच ‘दलाचा’ आहे. दल राज्याचं झालं म्हणून सगळं सुरळीत होतं असं नाही, पण निदान कुणाकडे मागायचं हे कळतं. केंद्रीय गृह मंत्रालयाने 2019 मध्ये राज्यांना अग्निशमन सेवेचं नमुना विधेयक पाठवलं. नमुना विधेयकही संहितेच्याच जातीचं: राज्याने स्वीकारलं तर कायदा, नाहीतर टपाल.

मुंबईला याची किंमत माहीत आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले, दोन जागीच, दोन नंतर रुग्णालयात. इमारत जुनी, दाट वस्तीतली. संहितेतल्या नव्या इमारतीसारखं तिथे काहीच नव्हतं.

संहितेत जवानाचा उल्लेख त्याच्या लिफ्टच्या निमित्तानेही येतो. उंच इमारतीतली फायरमन लिफ्ट तळमजल्यावरून सगळ्यात वरच्या मजल्यावर एका मिनिटात पोहोचली पाहिजे, असं तिथे लिहिलंय. त्या लिफ्टमध्ये चढायला रात्रपाळीला केंद्रावर किती जण असतील, हे शोधायचं तर महापालिकेचा अर्थसंकल्प उघडावा लागतो, आस्थापना खर्चाच्या पानावर, रिक्त पदांच्या रकान्यात.