उपचारांनंतर जुळं राहिलंय? नाव नोंदवण्याआधी हे वाचा

आम्ही पुण्यात बाळ-बाळंतिणीची घरपोच सेवा देतो. मालिश, अंघोळ, रात्रीची मावशी आणि कमी वजनाच्या बाळांसाठी प्रशिक्षित नर्स. जुळ्यांच्या घरातून येणारे बरेचसे फोन हल्ली आयव्हीएफ (प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणं), आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) किंवा नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर दिवस गेलेल्यांचे असतात. बोलता बोलता लक्षात येतं की उपचारांची एकेक तारीख तोंडपाठ आहे, पण जुळं राहिल्यावर पुढे काय वेगळं होतं ते कुणी सविस्तर सांगितलेलंच नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हे पत्रक घेणार नाही. मात्र एक गोष्ट आमच्याकडून पक्की घ्या: जुळ्यांच्या घराची तयारी नवव्या महिन्यात नाही, बत्तिसाव्या आठवड्याला पूर्ण झालेली हवी.

ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) अजून व्हायचं असेल तर

"एवढा खर्च, एवढ्या सुया, मग दोन सोडा की! एकदाच काय ते होऊन जाऊ दे." हे वाक्य आम्ही सासूबाईंकडून ऐकतो, नवऱ्याकडून ऐकतो, खुद्द पेशंटकडूनही ऐकतो. जुळ्यांच्या घरी आम्हाला जास्त काम मिळतं, तरी आमचं मत उलटंच आहे. डॉक्टर एकच गर्भ सोडू म्हणत असतील तर त्यांचं ऐका.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली हर्षाचा, म्हणजे शास्त्रीय नोंद असलेल्या भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, जन्म झाला. त्या काळात एक गर्भ रुजण्याची खात्री फार कमी होती, म्हणून जगभर एकाच वेळी तीन-चार गर्भ सोडण्याची रीत पडली. आता पाचव्या दिवसापर्यंत गर्भ वाढवता येतात आणि राहिलेले नीट गोठवून ठेवता येतात. आज एक सोडला, नाही राहिला तर पुढच्या खेपेला गोठवलेला सोडला, तरी वय कमी आणि गर्भ चांगले असतील तर दोन्ही खेपा मिळून दिवस राहण्याची शक्यता एकदम दोन सोडण्याच्या जवळपास जाते. जुळ्याची जोखीम मात्र खूप उतरते. एकच गर्भ सोडूनही तो दुभंगून जुळं राहू शकतं, पण ते शंभरात एखाद-दुसऱ्या वेळी.

जुळं फक्त आयव्हीएफमुळेच राहतं हाही गैरसमज आहे. बीज तयार होण्यासाठी देतात त्या क्लोमिफेनच्या गोळ्यांवर राहिलेल्या गर्भारपणांत शंभरात साधारण सात-आठ जुळी असतात. लेट्रोझोल या त्याच कामाच्या गोळीवर त्याहून कमी, इंजेक्शनांवर त्याहून जास्त. आयव्हीएफमध्ये किती गर्भ सोडायचे ते मोजून ठरवता येतं. आययूआयमध्ये पाच फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) फुटली तर त्यातली किती फळतील हे कुणाच्याच हातात नसतं. म्हणून सोनोग्राफीत फॉलिकल जास्त दिसली आणि "या महिन्यात थांबू" असं डॉक्टर म्हणाले, तर महिना वाया गेला म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

फाइलमध्ये 'वार' शोधा

जुळं आहे हे कळल्यावर घरात पहिला प्रश्न येतो, "दोघं सारखी दिसणार का?" विचारायला हवं ते वेगळंच: वार (प्लासेंटा) एक आहे की दोन? त्याचं उत्तर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत सगळ्यात स्पष्ट मिळतं. ती तारीख चुकवू नका, कारण पुढे बाळं मोठी झाली की हे ओळखणं अवघड होत जातं.

रिपोर्टवर तीनपैकी एक लघुरूप असतं. डीसीडीए म्हणजे दोन वारा आणि दोन पाणपिशव्या. एमसीडीए म्हणजे वार एकच, पिशव्या दोन. एमसीएमए म्हणजे वारही एक आणि पिशवीही एकच. हा प्रकार दुर्मीळ आणि सगळ्यात जोखमीचा. दोन वेगळे गर्भ सोडून दोन्ही रुजले असतील तर सहसा डीसीडीएच असतं. एक गर्भ दुभंगला असेल तर तिन्हींपैकी काहीही असू शकतं.

हे इतकं महत्त्वाचं का? वार एकच असली की दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या तिच्यात आपसात जोडलेल्या असतात. अशा जुळ्यांपैकी शंभरात दहा-पंधरा ठिकाणी एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहतं. देणारं बाळ सुकतं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याची पिशवी पाण्याने फुगते. यावर दुर्बिणीतून लेझरचा उपचार आहे, पण तो मोजक्याच केंद्रांत होतो आणि वेळेत कळलं तरच उपयोगाचा. म्हणून एमसीडीएला सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी सांगतात. "सारखी सोनोग्राफी करून डॉक्टर पैसे काढतायत" असं कुणी म्हणालं, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. दोन वारांच्या जुळ्यात साधारण दर चार आठवड्यांनी पुरते. पोट आठवड्याभरात झपाट्याने वाढलं, कातडी ताणली, श्वास लागू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

तीन किंवा जास्त गर्भ राहिले तर अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास संख्या कमी करण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. तो निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. आमची मावशी त्याबद्दल एक अक्षर विचारणार नाही. त्यात मुलगा-मुलगी बघणं १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि असा विषय कुणी आमच्याकडे काढलाच तर आम्ही फोन ठेवतो.

तारीख

ट्रान्सफर झालेल्यांना तारीख काढणं सोपं. पाचव्या दिवसाचा गर्भ असेल तर ट्रान्सफरच्या तारखेत २६१ दिवस मिळवा, तिसऱ्या दिवसाचा असेल तर २६३. गर्भ गोठवलेला असो की ताजा, हिशेब तोच. समजा १० जानेवारीला पाचव्या दिवसाचा गर्भ सोडला, तर तारीख येते २८ सप्टेंबर. (वर्ष लीप असेल तर एक दिवस अलीकडे.) फाइलवर हीच लिहिलेली असते आणि सगळं घर तीच धरून बसतं. पण ती चाळीस आठवड्यांची आहे. जुळी तिथवर थांबत नाहीत, आणि डॉक्टरही थांबू देत नाहीत.

सगळं सुरळीत असेल तर डीसीडीएची प्रसूती साधारण ३७ आठवड्यांच्या सुमारास करतात, म्हणजे वरच्या उदाहरणात ७ सप्टेंबर. एमसीडीएची ३६ च्या सुमारास, म्हणजे ३१ ऑगस्ट. एमसीएमएची तर ३२ ते ३४ आठवड्यांतच. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात. म्हणून अशा कुटुंबासाठी आम्ही माणूस ३ ऑगस्टपासून, म्हणजे ३२ आठवड्यांपासून राखून ठेवतो. सुट्टीचा अर्ज, हॉस्पिटलची बॅग, माहेरच्यांचं रेल्वेचं तिकीट, सगळं याच तारखेने बघा. गौरी-गणपती आणि दिवाळीला आमच्याही मावश्या गावी जातात. तुमची तारीख त्या सुमारास असेल तर नोंदणी आणखी लवकर करा.

डोहाळजेवण सातव्यात करायचं म्हणून आठव्यापर्यंत ढकलू नका, २८ आठवड्यांच्या आत उरकून घ्या. जन्माआधी बाळाचं काही आणू नये असं ज्यांच्या घरी आहे त्यांनी झबली-दुपटी मावशीकडे किंवा शेजारी ठेवली तरी चालतं. पण ती कुठेतरी असू द्या. बाळंतीण दवाखान्यात आणि नवरा लक्ष्मी रोडवर लंगोट शोधतोय, असं नको.

मधले महिने

थोडक्यात सांगतो, कारण हे डॉक्टर बघतातच. रक्त कमी होणं, बीपी वाढणं आणि साखर वाढणं हे तिन्ही जुळ्यांत जास्त दिसतं. एरवी गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी देतात. जुळ्यांत मात्रा डॉक्टर ठरवतील. गोळी चहासोबत घेऊ नका. बीपीसाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी लिहून दिली असेल तर "गरोदरपणात ॲस्पिरिन कशाला?" म्हणून परस्पर बंद करू नका.

जुळं आहे म्हणून सरसकट झोपून राहिल्याने प्रसूती पुढे जाते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. डॉक्टरांनी कारण देऊन विश्रांती सांगितली असेल तर गोष्ट वेगळी.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली उजवीकडे कळ, रात्री तळहात-तळपायांना खाज, पाणी जाणं, दर दहा मिनिटांनी पोट कडक होणं, बाळांची हालचाल मंदावणं: यातलं काहीही असेल तर आधी हॉस्पिटल, आम्हाला फोन नंतर.

आणखी एक, जे कुणी आधीच सांगत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन पिशव्या दिसतात आणि बाराव्याला एकच ठोका उरतो, असं बऱ्याचदा होतं. उचललेल्या वजनामुळे, प्रवासामुळे किंवा खाल्लेल्या पपईमुळे ते झालेलं नसतं. म्हणून बारा आठवड्यांआधी आम्ही जुळ्यांची अनामत घेत नाही. पुढे कधीही गरोदरपण थांबलं किंवा एकच बाळ राहिलं, तर नुसता निरोप पाठवा. कारण सांगायची गरज नाही, हिशेबाची रक्कम परत येते.

बाळं पेटीत असतील तेव्हा

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळ असताना आईला वाटतं आपलं काही काम नाही. सगळ्यात मोठं काम तिचंच असतं. प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, हाताने चीक काढायला लागायचं. मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही, थेंब निघतात. ते थेंबही सिरिंजमध्ये भरून सिस्टरकडे द्या. अंगावरचं अपुरं पडलं तर मिल्क बँकेबद्दल (इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं तिथे) विचारा. मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली. आता इतर शहरांतही आहेत. बाळ स्थिर झालं की कांगारू पद्धतीने उघड्या छातीशी धरायला देतात. एक आईकडे, दुसरं बाबांकडे. शर्टाची पुढची बटणं उघडणारी असावीत, एवढीच तयारी बाबांनी करायची.

एक बाळ घरी आणि दुसरं अजून पेटीत, हे पंधरा दिवस सगळ्यात ओढाताणीचे. या काळात दिवसाची मावशी घ्या, रात्रीची नको. दिवसा आईला हॉस्पिटलात जाता येतं आणि रात्री एका बाळाचं घरात निभतं.

३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं असेल तर त्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झालीच पाहिजे. बारशाच्या गडबडीत ही राहून गेली तर नजर जाऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख नसेल तर विचारून लिहून घ्या.

घरी आल्यावर आमची पद्धत

धुरी आणि शेगडी आमच्याकडे नाही, कमी दिवसांच्या फुप्फुसांना धूर झेपत नाही. गुटी, मध, पाणी काहीही चाटवणार नाही, आजींनी कितीही आग्रह केला तरी. बाळाचं मालिश डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, तेही हलक्या हाताने. आईसाठी डिंकाचे, हळिवाचे लाडू अवश्य करा, फक्त साखरेची तक्रार होती का ते आधी सांगा.

दोघांच्या पायात वेगवेगळ्या रंगाचे सैल दोरे असतात आणि पाळण्याशेजारी एक वही. कोण किती वाजता किती प्यालं, शी-शू झाली का, औषध दिलं का. पहाटे तीनला तेच बाळ दोनदा पाजून दुसरं उपाशी ठेवणं शहाण्यासुरत्या माणसाच्या हातूनही होतं, म्हणून वही. अंगावर ओढायची ताकद नसेल तर वाटी-चमचा किंवा बोंडलं, बाटली नाही. झोपताना दोघं वेगवेगळी, पाठीवर, उशीशिवाय.

दोन्ही बाळं अडीच किलोची होईपर्यंत रात्री आमची दोन माणसं असतात. तोवर दर दुप्पट, पुढे एक माणूस आणि दर दीडपट.

उपचारांची माहिती मावशीला असते ती बाळांच्या काळजीपुरती. शेजारणीने "टेस्ट ट्यूबची का गं?" विचारलं तरी ती उत्तर देणार नाही. दिलं तर आम्हाला कळवा.

कागदपत्रं

पगारी प्रसूती रजा २६ आठवडे, बाळंतपणामागे, बाळामागे नाही. त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात, पण जुळ्यांत ती रजा पुढेच जास्त लागते. घरात आधीच दोन मुलं असतील तर रजा १२ आठवड्यांची. गावाकडून नेहमी येणारा प्रश्न: पहिलं एक मूल आहे आणि आता जुळं, तर ग्रामपंचायतीला उभं राहता येईल का? दोन अपत्यांच्या नियमात एका मुलानंतरच्या एकाच बाळंतपणातली मुलं एकच धरतात. जन्मदाखले दोन, दोन्ही नीट तपासून घ्या. नाव बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. विम्यात नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का, की तीन महिन्यांनंतर, हे पॉलिसी वाचून आजच बघा. लस जन्मतारखेप्रमाणेच, लवकर जन्मली म्हणून पुढे ढकलायची नसते.

नोंदणीच्या वेळी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो, ट्रान्सफर किंवा शेवटच्या पाळीची तारीख आणि हॉस्पिटलचं नाव पाठवा. तिथे एनआयसीयू आहे का हेही लिहा. नसेल तर कळा सुरू झाल्यावर तुम्हाला कुठे हलवणार, ते तिथल्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारून घ्या.