ध्रुवीय प्रकाशासाठी कडाक्याची थंडी लागत नाही

थंडी जितकी कडक तितका ध्रुवीय प्रकाश (ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड, अरोरा) तेजस्वी, या जुन्या समजुतीपायी अनेकजण नॉर्वेच्या किनाऱ्यावरील ट्रॉम्सोची सहल भर हिवाळ्यातच आखतात. वास्तविक सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे हा प्रकाश सुमारे 100 किलोमीटर आणि त्याहूनही अधिक उंचीवर उमटतो, त्यामुळे जमिनीवरील तापमानाशी त्याचा संबंध नसतो. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि आकाशही स्वच्छ दिसते, यातूनच ही गल्लत झाली असावी. आवश्यक तो काळोख सप्टेंबरच्या अखेरीस आणि मार्चमध्येही मिळतो. शिवाय दिवस-रात्र समान असणाऱ्या विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे याच महिन्यांत, हा प्रकाश वाढवणारी भूचुंबकीय वादळे (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ) सरासरीने अधिक होतात. मी मार्चच सुचवेन. किनाऱ्यावर ढग दाटल्यास आत, पर्वतांच्या आडोशाला असलेल्या कोरड्या हवेच्या स्किबोटन गावाकडे जाता यावे, म्हणून एक-दोन रात्री हाताशी राखाव्यात.