फारियांच्या हातातून काही निघत नव्हतं
पणजीत आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी संमोहन करणाऱ्या आबे फारियांचा पुतळा आहे. दोन्ही पंजे पसरलेले, समोर पाठीवर कोसळणारी बाई. शिल्प देखणंच, पण ते पाहून 'त्यांच्या हातात शक्ती होती' हा समज पक्का होतो. गोव्यातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या पाद्रीने नेमकं उलटं सांगितलं होतं. संमोहन करणाऱ्याच्या शरीरातून चुंबकी द्रव वाहतो आणि त्याचाच परिणाम होतो, असं मानणाऱ्या पॅरिसमध्ये १८१३ साली त्यांनी ठणकावलं, की संमोहनाचं कारण समोरच्याच्याच मनात असतं. आज मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसतं, की संमोहनात दिलेल्या सूचनेने वेदनेशी निगडित भागांचं काम बदलतं. आणि कारण ज्याच्या-त्याच्या मनात असल्यानेच सगळ्यांवर संमोहनाचा परिणाम सारखा होत नाही.