सोलापूरच्या उन्हातलं अन्नवन

अन्नवन म्हणजे जंगलासारखी रचलेली, खाण्याजोग्या झाडांची सार्वजनिक बाग. वर उंच झाडं, खाली बुटकी, मग झुडपं, वेल, पालेभाज्या आणि मातीत कंद. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरात रॉबर्ट हार्ट यांनी असे सात थर मांडले आणि ही कल्पना जगभर पोचली. केरळच्या परसबागांत तर ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. सोलापुरात मात्र थर घ्यावेत, दाटी घेऊ नये. तिकडे झाडं उजेडासाठी झगडतात, इथे पाण्यासाठी.

आपल्याकडे वर्षाला जेमतेम ५५० मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार. म्हणून जागा ठरवताना आधी पाणी कुठून वाहतं ते बघावं. एखाद्या शाळेचं ५०० चौरस मीटरचं छत वर्षभरात पावणेतीन लाख लिटर पाऊस झेलतं. त्यातलं निम्मं जरी चरांतून झाडांच्या बुडाशी मुरलं, तरी केवढा आधार! काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. भेगांतून खालची ओल उडून जाते, बारीक मुळं तुटतात. त्यावर उपाय आच्छादनाचा. उसाचं पाचट आपल्या जिल्ह्यात मुबलक आहे, ते पेटवण्यापेक्षा इथे पसरावं.

झाडं या हवामानाला सरावलेलीच हवीत. बोर ऐन उन्हाळ्यात पानं गाळून पाणी वाचवते आणि थंडीत फळते. चिंच, कवठ, आवळा तग धरतात. जांभूळ ओघळाजवळ लावावं. नत्रासाठी मधूनमधून हादगा, शेवरी, तूर हवी. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. शेवग्याला शेंगा लागतात, पण तो हादगा-तुरीच्या कुळातला नाही. चिंच त्या कुळातली असूनही तिच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

सीताफळाचं फूल जरा जवळून पाहा. मांसल, हिरवट पाकळ्या अर्धवट मिटलेल्या. त्यात आधी स्त्रीकेसर तयार होतात, परागकण नंतर सुटतात. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यात न्यायला कोणीतरी लागतं. ते काम तिळाएवढे भुंगेरे करतात. सडकी फळं आणि कुजका पाला हे त्यांचं घर. झाडाखालची जमीन रोज झाडून लख्ख केली, तर फळधारणाच घटते. बोरीखाली मात्र किडकी बोरं वेचून पुरावीत, नाहीतर फळमाशी वाढते.

डाळिंब सोलापूरची शान, त्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही मी ते इथे लावणार नाही. तेल्या आणि इतर रोग-किडींमुळे त्याला फवारण्या कराव्या लागतात, आणि या बागेत मुलं फळ तोडून तिथेच खाणार.

जूनमध्ये जांभूळ, पावसाळा सरताना सीताफळ, मग आवळा, बोर, उन्हाळ्याच्या तोंडावर चिंच. असं निवडलं तर माणसांबरोबर बुलबुल, कोकीळ, खारी यांनाही बहुतेक महिने काहीतरी मिळतं. शेंड्यावरची फळं त्यांची, हाताला येतील ती आपली, हे सुरुवातीलाच ठरवावं. आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे तर खड्डे खणण्याआधीच, घराघरांत वार वाटून.